कुलाब्यातलं काबूल

जमीन देतो, पण कळस एवढा उंच बांधा की समुद्रावरून दिसला पाहिजे. कुलाब्याच्या दक्षिण टोकाकडे चर्चसाठी जागा देताना कंपनी सरकारने घातलेली ही अट. त्यात भक्ती कमी आणि व्यवहार जास्त होता. मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजांना दुरून ओळखता येईल अशी एक खूण हवी होती, आणि चर्चवाल्यांना जागा हवी होती. सौदा जमला. मात्र अट पुरी करता करता चर्चवाल्यांच्या नाकी नऊ आले. प्रार्थना सुरू झाली 7 जानेवारी 1858 ला, बिशप हार्डिंग यांच्या हस्ते चर्च अर्पण झालं तेव्हा. आणि 198 फुटांचा तो कळस पुरा व्हायला 1865 उजाडलं. मधली सात वर्षं देव आत राहायला आला होता आणि घराचं बांधकाम चालूच होतं. मुंबईत फ्लॅट घेतलेल्यांना हे नव्याने सांगायला नको.

कागदोपत्री त्याचं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. या नावाने विचारलंत तर कुलाब्यातला टॅक्सीवाला तुमच्याकडे बघत राहील. बसच्या थांब्यापासून नकाशापर्यंत सगळीकडे ते ‘अफगाण चर्च’ आहे, आणि या नावामुळे आमच्या घरात दोन पिढ्या गोंधळ होता. आजीची पक्की खात्री होती की ते पठाणांनी बांधलं. तिच्या लहानपणी चाळीचाळीतून व्याजाने पैसे देणारे पठाण फिरत, पहिल्या तारखेला गिरणीच्या दरवाजावर काठी घेऊन उभे राहत. एवढं व्याज खाल्ल्यावर कुठेतरी देवाचं काही बांधणारच, असा तिचा हिशेब. पठाण चर्च कशाला बांधतील, असं विचारलं तर ती म्हणायची, “पाप फेडायला कुठलंही देऊळ चालतं.”

आजोबांना खरं काय ते ठाऊक होतं, पण ते आजीला खोडून काढत नसत. ते डॉकयार्डात सुतार होते. कुलाब्यातल्या एका चाळीत खोली, आणि रविवारी सकाळी पायी फिरायची सवय. ट्रॅम होती तेव्हाही ते चालत. ट्रॅमने माणूस पोचतो, बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या फिरण्यात ते आम्हा नातवंडांना या चर्चपाशी आणत. कुंपणाच्या दाराशी चप्पल काढायची की नाही यावर पहिल्यांदा थोडा विचार व्हायचा, मग ते स्वतःच काढायचे. आत कोणी काही म्हणत नसे.

आजोबा इमारतीकडे बघताना आधी वर बघत. छत लाकडी आहे, त्यामुळे त्यांचा जीव तिथे अडके. त्यानंतर कमानी. गोथिक बांधणीवर मी पुढे पुस्तकं वाचली, पण टोकदार कमानीचं मर्म मला आजोबांनी एका वाक्यात सांगितलं होतं: “गोल कमान शेजारच्याला ढकलते, टोकाची कमान आपल्या पायावर उभी राहते.” वजन बाजूला कमी फेकलं जातं आणि खाली जास्त उतरतं, म्हणून खांब बारीक चालतात, भिंतीत मोठ्या खिडक्या काढता येतात आणि इमारत उंच नेता येते. बाराव्या-तेराव्या शतकातल्या फ्रान्स-इंग्लंडमधल्या गवंड्यांनी हे कागदावर गणित न मांडता हाताने शोधलं. कुलाब्यातलं चर्च त्या तेराव्या शतकातल्या इंग्रजी गोथिकच्या वळणावर बांधलंय. भिंतींना आपल्याकडचा बेसॉल्ट, आणि कमानी-खांबांसारख्या कोरीव कामाच्या जागी फिकट, मऊ पोरबंदरी दगड. बेसॉल्टवर छिन्नी चालवताना पाथरवटाचा घाम निघतो, पोरबंदरी दगड त्यामानाने ऐकतो. इमारत नीट पाहिली तर हा दगडांमधला कामाचा वाटा डोळ्यांना दिसतो. कणखर दगडाने ओझं उचलायचं, मऊ दगडाने नक्षी मिरवायची.

पण हे चर्च इथे का, आणि काबूलशी त्याचा संबंध काय, ही गोष्ट मला आजोबांकडून नव्हे, त्यांच्या थोरल्या बहिणीकडून कळली. आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. ती मुंबईत कधी रमली नाही. तिचं सगळं आयुष्य दापोलीकडे गेलं. दापोलीला आमच्याकडची जुनी माणसं आजही ‘कॅम्प’ म्हणतात, कारण कंपनी सरकारच्या मुंबई लष्कराचं तिथे ठाणं होतं आणि पेन्शनीत निघालेले कितीतरी शिपाई, हवालदार, सुभेदार तिथेच घरं करून राहिले. कोकणातल्या कुटुंबांना पलटण परकी नव्हती. भातावर वर्ष निघत नसे. पलटणीच्या पगारावर निघे.

आत्याआजी सर्वपित्रीला आली की स्वयंपाकघराचा ताबा घ्यायची. पानं वाढताना एक पान वेगळं, सगळ्यांच्या शेवटी. ते कोणाचं, असं विचारल्यावर तिने सांगितलेली गोष्ट अशी. तिच्या पणज्याचा थोरला भाऊ पलटणीत होता. साहेबाने हुकूम काढला, गलबतात बसवलं, सिंध मुलखात उतरवलं. तिथून पुढे काबूल. “दर्यातून गेला आणि डोंगरातून आला नाही,” हे तिचं वाक्य. मेला कधी, कुठे, कशाने, काही कळलं नाही. त्याच्याबरोबर गेलेला शेजारच्या वाडीतला एकजण चार-पाच वर्षांनी परत आला. त्याने एवढंच सांगितलं की तो नाही. तिथी माहीत नसलेल्याचं पान सर्वपित्रीला. त्याच्या बायकोने बरीच वर्षं कुंकू पुसलं नव्हतं म्हणे. आत्याआजी हे सांगताना आवाज चढवत नसे की उतरवतही नसे, त्याच सुरात पुढे, “वडे तेलात सोड गं, करपतील.”

तिच्या गोष्टीतला गलबताचा भाग मला लहानपणी कल्पित वाटायचा. काबूलला जायचं तर खैबरखिंडीतून जातात, समुद्र कुठला? पण इतिहास तिच्या बाजूने निघाला. 1838 साली कंपनी सरकारने काबूलच्या गादीवर शाह शुजाला बसवायचं ठरवलं, तेव्हा फौजा दोन बाजूंनी निघाल्या. बंगालची फौज जमिनीवरून, आणि मुंबईची फौज सर जॉन कीनच्या हाताखाली जहाजांतून सिंधूच्या मुखाशी. बंगालच्या पलटणींमधल्या बऱ्याच शिपायांना समुद्र ओलांडणं धर्माविरुद्ध वाटे. मुंबईच्या पलटणींना त्याचा बाऊ त्यामानाने कमी. कोकणातल्या माणसाला दर्याचं काय नवल? कुलाबा बेट मुंबईला जोडणारा कॉजवेही 1838 सालचाच. म्हणजे ज्या वर्षी कुलाब्याला पायी जाता येऊ लागलं, त्याच वर्षी ही माणसं जहाजात बसून गेली.

पुढचं युद्ध शाळेच्या पुस्तकात एका चित्रापुरतं उरलंय: जानेवारी 1842, काबूलहून माघार घेणारे साडेचार हजार सैनिक आणि बाराएक हजार बाजारबुणगे बर्फात कापले गेले, आणि डॉक्टर ब्रायडन नावाचा एक गोरा मरायला टेकलेल्या घोड्यावरून 13 तारखेला जलालाबादच्या किल्ल्याशी पोचला. चित्र जबरदस्त आहे, म्हणून तेच लोकांना आठवतं. पण त्या माघारीत प्रामुख्याने बंगालची फौज होती. मुंबईची माणसं जास्त करून दुसरीकडे मेली: सिंधमध्ये, बलुचिस्तानच्या डोंगरांत, कंदाहारच्या वाटेवर, आणि लढाईपेक्षा रोगराईने आणि उन्हाने. त्या मरणांवर कोणी चित्रं काढली नाहीत.

यातलं काहानचं प्रकरण मराठी माणसाला ठाऊक असायला हवं. काहान ही बलुचिस्तानात मरी टोळ्यांच्या मुलखातली गढी. 1840 साली मुंबईच्या पाचव्या पलटणीचे काही शिपाई कॅप्टन लुईस ब्राऊनबरोबर तिथे अडकले. हीच पलटण पुढे ‘काळी पाचवी’ म्हणून ओळखली गेली आणि आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत तिचा वारसा चालू आहे. भर उन्हाळ्यात पडलेला वेढा सप्टेंबरअखेर उठला. तोपर्यंत मूठभर माणसांनी गढी धरली, आणि शेवटी मरींच्या सरदाराशी बोलणी करून मानाने बाहेर पडली. पण त्यांना सोडवायला निघालेली कुमक नफुस्कच्या खिंडीत 31 ऑगस्टला गारद झाली. मुंबईच्या ग्रेनेडियर पलटणींची ती माणसं होती. ऐन उन्हात चढावर लढाई, आणि पाणी संपलेलं. पाणी आणायला पाठवलेली माणसं आणि जनावरंही परतली नाहीत. तहानेने माणसं मेली, हे लष्करी इतिहासातही लिहिलेलं आहे.

आमच्या घरातला तो माणूस पाचवीत होता की ग्रेनेडियरमध्ये, हे आत्याआजीला सांगता येत नव्हतं. तिला पलटणीचा नंबर कोणी सांगितलाच नव्हता. मात्र एक गोष्ट तिच्या सासरमाहेरच्या कोणालाही न विचारता ती करायची: त्याच्या पानाशेजारी पाण्याचे दोन तांबे. बाकी सगळ्यांना एक. का, म्हटल्यावर, “आई ठेवायची.” नफुस्कची हकीकत मी वाचली तेव्हा आत्याआजी जाऊन बराच काळ लोटला होता. त्या दोन तांब्यांचा आणि त्या खिंडीचा संबंध जोडण्याचा मोह आवरत नाही. पण पुरावा नाही, म्हणून जोडत नाही. वाचकाने जोडला तर माझी हरकत नाही.

या युद्धात आणि पाठोपाठच्या सिंधच्या लढायांत गेलेल्यांचं स्मारक म्हणून कुलाब्याच्या छावणीत चर्च बांधायचं ठरलं. तिथे आधी गवती छपराचं लहानसं प्रार्थनाघर होतं. नव्या चर्चचा आराखडा आधी ऑक्सफर्डच्या मंडळींकडून मागवला. तो आला, देखणा होता, आणि परवडणारा नव्हता. अखेरीस 1847 च्या डिसेंबरात पायाचा दगड बसला. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लर्क हे अफगाण युद्धाच्या दिवसांत वायव्य सरहद्दीकडे कंपनीचे एजंट होते. जलालाबादला कुमक धाडण्याची धडपड त्यांनी जवळून केली होती. मुंबईच्या सरकारात त्या युद्धाची आठवण तेव्हा कागदावरची नव्हती, हाडांत होती.

बांधणीचं काम ज्याच्या वाट्याला आलं तो हेन्री कॉनिबेअर. हा मूळचा इंजिनिअर, आणि मुंबईकरांनी त्याला खरं तर दुसऱ्याच कामासाठी लक्षात ठेवायला हवं. विहार तलावाची योजना त्याची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई विहिरी आणि तळ्यांवर जगत होती. उन्हाळ्यात तळी आटली की हाहाकार. त्यावर उपाय म्हणून साष्टीत मिठी नदी अडवून तलाव करायचा आणि तिथून लोखंडी नळांनी शहरात पाणी आणायचं, हे काम 1856 मध्ये सुरू झालं आणि 1860 मध्ये पुरं झालं. ज्या माणसाने तहानेने मेलेल्यांचं स्मारक बांधलं, त्यानेच मुंबईच्या नळाला पाणी आणलं. हा योगायोगच. पण आजोबा चर्चच्या बाहेरच्या नळावर पाणी पिताना हे सांगायचे आणि डोळा मारायचे. त्यांनी ते कुठून ऐकलं होतं कोण जाणे. बहुधा डॉकयार्डातल्या त्यांच्या एका दोस्ताकडून, ज्याला सगळे मास्तर म्हणत.

हे मास्तर नगरकडचे मराठी ख्रिस्ती. पेटी उत्तम वाजवत, आणि या चर्चच्या घंटांवर त्यांचा फार जीव. इथे आठ घंटा आहेत, लफबरो गावच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या, 1904 साली जहाजाने आणलेल्या. आठ माणसं आठ दोरांना उभी राहतात आणि घंटा एका ठरलेल्या क्रमाने वाजवतात. मग क्रम बदलतात, पुन्हा बदलतात, एकदा वाजलेला क्रम परत येऊ द्यायचा नाही. आठ घंटांचे असे 40,320 क्रम होतात. मास्तर हे गणित फळ्यावर मांडावं तसं हवेत बोटाने मांडत. ही इंग्रज परगण्यांमधली खास रीत, भारतात अशा घंटा फार थोड्या ठिकाणी आहेत. पुण्यात पंचहौद मिशनच्या चर्चात आहेत. तेच पंचहौद, जिथे 1890 साली टिळक-रानड्यांनी चहा घेतला आणि पुणं हललं. मास्तरांचं म्हणणं, पुण्याला चहाचा आवाज ऐकू आला, घंटांचा नाही.

मास्तरांमुळेच मला बाकांवरच्या खाचा दिसल्या. नुसतं आत जाऊन आलात तर त्या दिसत नाहीत. बाकाच्या कडेला लाकडात कोरलेली अर्धगोल जागा. हात फिरवला की बोट बरोबर आत बसतं. प्रार्थनेला गुडघे टेकताना बंदूक टेकवून ठेवायची ती जागा. आजोबांनी सुतार म्हणून ती तपासली होती: “काम साफ आहे, हे घाईत केलेलं नाही.” म्हणजे देवासमोरही बंदूक हाताशी हवी, हे सावकाश विचार करून ठरवलेलं. चर्च अर्पण झालं ते साल आठवा. 1857 चा उठाव उत्तरेत अजून धुमसत होता. मुंबईत त्याआधी तीनच महिने, 15 ऑक्टोबरला, सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोघा शिपायांना आजच्या आझाद मैदानाच्या जागी तोफेच्या तोंडी दिलं होतं. मुंबईच्या शिपायांच्या खांद्यावरून काबूल जिंकायला निघालेलं सरकार त्याच शिपायांकडे पाठ करून प्रार्थना करायला आता धजावत नव्हतं. चर्चमधली सगळी रंगीत काच एका बाजूला, आणि ही खाच एका बाजूला. मला विचाराल तर त्या इमारतीत सर्वांत खरं बोलणारी वस्तू ती.

रंगीत काचेला मात्र मी कमी लेखत नाही. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या मोठ्या खिडक्या विल्यम वेल्सच्या. न्यूकासलचा हा कारागीर त्या काळी इंग्लंडमधल्या चर्चांना काचकाम पुरवणाऱ्यांत नावाजलेला. उन्हाळ्यातल्या दुपारनंतर जावं. पश्चिमेची खिडकी आधी नुसती काळपट दिसते, मग समुद्राकडून ऊन खाली आलं की निळा आणि लाल रंग फरशीवर सांडायला लागतो. इंग्लंडमधल्या मंद, ढगाळ उजेडासाठी कल्पिलेल्या या काचा मुंबईच्या उन्हात तापतात, भडकतात. मूळ कारागिराला हे आवडलं असतं की नाही, सांगवत नाही. गोथिक चर्चला उजेडाची भूक, आणि आपल्याकडे उजेडाचा जाच. त्या काळी इंग्लंडमधल्या चर्चबांधणीच्या जाणकारांत यावर वाद झडत होते की उष्ण प्रदेशातलं चर्च गुहेसारखं जाड भिंतींचं, लहान खिडक्यांचं असावं की नाही. कुलाब्याने मधला रस्ता काढला. आत थंडावा राहतो, आणि उजेड येतो तो रंगाने गाळून.

आतली सजावट विल्यम बटरफील्डची. लंडनमधलं मार्गारेट स्ट्रीटचं ऑल सेंट्स चर्च ज्याने बांधलं तोच हा, रंगांच्या भडक मेळासाठी गाजलेला वास्तुविशारद. वेदीमागचा भाग, धातूची जाळी, फरशीची नक्षी हे त्याने लंडनमध्ये बसून कल्पिलं. फरश्या इंग्लंडहून आल्या. त्या फरशीजवळ जरा वाकून बघा. नक्षी वरून रंगवलेली नाही. एका रंगाच्या मातीत साचा दाबून खाचा पाडायच्या, त्यात दुसऱ्या रंगाची माती भरायची आणि मग भट्टीत भाजायची. त्यामुळे दीडशे वर्षांच्या बुटांनी फरशी झिजली तरी नक्षी पुसत नाही, तिची कड फक्त जरा मऊ पडते. आजोबांना लाकडाखेरीज आवडलेली तेवढी एक गोष्ट. अनवाणी तळव्याला ती फरशी भर मे महिन्यातही गार लागते, चप्पल काढायचं खरं कारण ते असावं.

आणि तरीही ही इमारत मला पूर्ण आपली वाटत नाही, हेही सांगून टाकतो. मुंबईत गोथिकची जी लाट पुढे आली ती याच्यानंतरची. फोर्टची तटबंदी पडली ती 1860 नंतरच्या दशकात. त्यानंतर हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, आणि 1888 पर्यंत व्हिक्टोरिया टर्मिनस. त्या इमारतींनी मुंबईची हवा खाल्ली आहे. व्ही.टी.च्या दगडात माकडं, मोर, सरडे आहेत, जे.जे.च्या विद्यार्थ्यांचे हात त्यांना लागले. कमानीखालून लोकल पकडायला धावणारी माणसं त्या इमारतीची झाली. कुलाब्याचं चर्च त्याआधीचं, आणि ते कोणाशी बोलत नाही. त्याचे खांब, काचा, फरशी, सगळ्यांचं तोंड घराकडे आहे, म्हणजे इंग्लंडकडे. घरापासून दूर मेलेल्या मुलांसाठी आईबापांनी उभारलेली इमारत अशीच असणार, तिला दोष देता येत नाही. युनेस्कोने 2018 मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गोथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा म्हणून मान दिला, तो ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींना. हे चर्च त्या समूहाच्या बाहेर, कुलाब्याच्या टोकाला, पहिल्यापासून होतं तसंच एकटं.

कळसाच्या खर्चाला मात्र मुंबईने हात लावला. देणगीदारांत सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांचं नाव आहे. मेलेले शिपाई हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, स्मारक अँग्लिकन, पैसे पारशाचे, आणि पाथरवट कोणत्या गावचे, ते कोणी लिहिलंच नाही. आजीचा पठाणही यात कुठेतरी बसला असता.

आता त्या लेखाकडे येतो, ज्याच्यासमोर आजोबा नेहमी थांबत. चर्चच्या आत संगमरवरावर अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. एकेक नाव, हुद्दा, नीट. त्याखालच्या मजकुरात म्हटलंय की हे चर्च वर नावं असलेल्या अधिकाऱ्यांच्या, आणि ज्यांची नावं लिहिणं संख्येमुळे शक्य नाही अशा हवालदार-शिपायांच्या स्मरणार्थ बांधलं. सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत, आजाराने किंवा तलवारीने, कर्तव्याचं भान ठेवून ते पडले. सालं दिली आहेत 1835 ते 1843. आजोबांना इंग्रजी जेमतेम येई. मास्तरांनी त्यांना हा मजकूर उलगडून सांगितला होता, आणि त्यातला एकच भाग त्यांच्या लक्षात राहिला: शिपाई फार, म्हणून नावं नाहीत. एका रविवारी ते म्हणाले, “जागा नव्हती असं नाही. भिंत केवढी आहे बघ.”

मी त्या वाक्यावर खूप विचार केलाय. एका बाजूने तो लेख प्रामाणिक आहे. त्या काळची कितीतरी स्मारकं साध्या शिपायाचा उल्लेखही करत नाहीत. इथे निदान तो आहे, आणि आजाराने मेलेल्यांनाही तलवारीने मेलेल्यांच्या आधी जागा दिली आहे. पण आजोबांचं म्हणणं सुताराचं होतं. त्यांनी मापाने भिंत पाहिली होती. नावं लिहिली नाहीत कारण ती लिहावीत असं कोणाला वाटलं नाही, एवढा साधा त्याचा अर्थ. आणि गंमत अशी की पलटणींच्या हजेरीपटावर ती नावं होती. पगार नावावरच मिळे. पगारासाठी जी नावं लिहिता आली ती दगडासाठी फार झाली.

आत्याआजीला मी एकदा मुंबईत असताना चर्च दाखवायला नेलं होतं. ती आत आली, सगळीकडे बघितलं, खिडक्या आवडल्या. लेखात काय लिहिलंय ते मी वाचून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, “मग याला पान कोण वाढतं?” मी म्हटलं, इथे तशी पद्धत नाही, नोव्हेंबरात प्रार्थना होते. तिने मान डोलावली. प्रार्थना होते म्हणजे झालं. तिच्या लेखी हिशेब पुरा झाला होता. माझ्या लेखी झालेला नाही.

म्हणून एक सांगणं आहे. 23 जुलै 1839 ला गझनीच्या किल्ल्याचा दरवाजा सुरुंगाने उडवून फौज आत घुसली. त्या लढाईत मुंबईची एकोणिसावी पलटण होती, पुण्याचे घोडेस्वार होते. त्यात भाग घेतलेल्यांना, गोऱ्यांना आणि काळ्यांनाही, चांदीचं एकसारखं पदक मिळालं. एका बाजूला किल्ल्याच्या दरवाजाचं चित्र, दुसऱ्या बाजूला तटाच्या आकाराचा मुकुट आणि ती तारीख. पदकावर नाव सरकारने कोरलं नाही. ज्याला हवं त्याने पदरच्या पैशाने कोरून घेतलं. दापोली, खेड, चिपळूण, सातारा, पुणे इकडच्या जुन्या घरांत असं एखादं नाणं देवाच्या डब्यात किंवा कडीकोयंड्याच्या खोक्यात पडलेलं असू शकतं. सापडलं तर सोनाराकडे मोडीत घालण्याआधी त्याची कड उजेडात धरून बघा. नाव असलं तर उतरवून घ्या, त्याच्या शेजारी पलटणीचा आकडा असला तर तोही, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की सर्वपित्रीला आपल्याकडे कोणाचं पान वाढतात.